कमल सिस्टरचा नापास पाठ

शिकवणं ही जन्मजात देणगी असते, असं म्हणणाऱ्या प्रत्येकाशी मी आयुष्यभर भांडत आलो. निवृत्त झालो म्हणून ते भांडण मिटलेलं नाही. देणगीच असती तर माझ्या नोकरीची गरज काय होती? परभणीच्या आमच्या केंद्रात माझं काम एकच होतं. ज्यांना आपला धंदा उत्तम येतो, त्यांना तो दुसऱ्याला शिकवता येईल असं तयार करायचं. साखर कारखान्यात बॉयलर सांभाळलेला माणूस, वीस वर्षं खांबावर चढलेला वायरमन, दवाखान्यातली नर्स, कृषी सहायक, मधूनच एखादा अभियंता. त्यांना कुठल्या तरी संस्थेत शिकवायला नेमलेलं असायचं आणि त्याआधी तीन आठवडे ते माझ्या ताब्यात यायचे.

आमचं घर पूर्णेला. तिथल्या माझ्या थोरल्या काकांना मी नेमकं काय करतो ते शेवटपर्यंत उमगलं नाही.

"म्हंजी तू मास्तरायचा मास्तर?" ते विचारायचे.

"तसंच काहीतरी."

"मग तुला कोन शिकवलं?"

प्रश्न रास्त होता. मी मुळात फिटर. पुढं औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवायला लागलो तेव्हा पहिल्याच तासाला लोखंड घासायच्या कानशीवर चाळीस मिनिटं बोललो. कानशीचे प्रकार, तिचे दात, तिचं पोलाद, काही म्हणून सोडलं नाही. घामाघूम झालो, पण स्वतःवर खूश होतो. तास संपला तसा मागच्या बाकावरून एक हात वर आला. "सर, ही धरायची कशी?"

मला शिकवलं ते त्या प्रश्नानं. ज्याला काम येतं त्याच्या हाताला ते इतकं बसलेलं असतं, की त्यात काही सांगण्यासारखं आहे हेच तो विसरतो. म्हणून आमच्याकडे आलेल्याला मी पहिल्या दिवशी भाषण देत नसे. दहा मिनिटांचा सराव पाठ घ्यायला लावायचो, बाकीचे विद्यार्थी व्हायचे आणि मग आम्ही सगळे मिळून त्या पाठाची चिरफाड करायचो. काम दाखवायची रीत साधी होती. एकदा नेहमीच्या वेगानं, तोंडातून शब्द न काढता करून दाखवायचं. मग हळूहळू, बोलत बोलत. तिसऱ्यांदा शिकणारा सांगेल तसं आपण करायचं. चौथ्यांदा तो करेल आणि आपण हात मागं बांधून उभं राहायचं. पहिल्या तिन्ही गोष्टी सगळ्यांना जमायच्या. चौथीला भलेभले घायकुतीला यायचे. समोरचा चुकतोय हे बघत गप्प राहणं म्हणजे कसबी माणसाला शिक्षाच.

आणि एका प्रश्नाला माझ्या वर्गात पूर्ण बंदी होती. "समजलं का?" हा तो प्रश्न. त्याचं उत्तर कायम "हो सर" असंच येतं. ज्याला समजलंय तो हो म्हणतो आणि ज्याला समजलेलं नाही तो जास्त जोरात हो म्हणतो.

हे सगळं इतकं ठणकावून सांगणारा मी, एकदा चुकलो. त्याबद्दल आधी सांगतो, म्हणजे पुढं मी जे केलं ते का केलं ते कळेल.

एका तुकडीत एक तरुण अभियंता आला होता. त्याचं नाव इथं देत नाही. विजेचा विषय, रुबाबदार आवाज, सुरेख अक्षर, फळ्यावरची आकृती तर छापल्यासारखी. सराव पाठात त्यानं "समजलं?" हा शब्द अकरा वेळा उच्चारला. मी मोजले. एकदाही त्यानं थांबून कुणाला काही करायला लावलं नाही. मी वहीत लिहिलं, "अजून दोन आठवडे सराव हवा." तेवढ्यात वरून फोन आला. संस्थेत जागा रिकामी आहे, पोरं खोळंबलीत, ह्याला सोडा. मी सोडलं. नंतर कितीतरी दिवस मी लोकांना सांगायचो, फोन आला म्हणून सोडलं. ते अर्धंच खरं होतं. मीसुद्धा त्याच्या बोलण्यावर भाळलो होतो. तो बोलायला लागला की ऐकत राहावंसं वाटायचं.

पाच महिन्यांनी त्याच्या कार्यशाळेत एका विद्यार्थ्याला विजेचा धक्का बसला. बोर्ड उघडायच्या आधी मेन स्विच बंद करून तो बंद झालाय हे टेस्टरनं तपासायचं, हे अभियंत्यानं वर्गात सांगितलं होतं. अगदी सुंदर सांगितलं होतं. सगळे "हो सर" म्हणाले होते. करून मात्र कुणीच दाखवलं नव्हतं. मुलगा वाचला. उजव्या हाताची दोन बोटं वळेनाशी झाली.

मी त्याला भेटायला वालूरला गेलो. कुणी सांगितलं नव्हतं, चौकशी समितीतही मी नव्हतो. सेलूहून जीपनं गेलो, पत्ता विचारत घर गाठलं. मुलगा ओसरीवर बसून डाव्या हातानं लिहायचा प्रयत्न करत होता. वडील शेतातून आले, पाय धुतले, चहा ठेवायला सांगितला. मी कोण ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी सर, ह्येला शिकवनाऱ्याला शिकवनारे तुमीच?"

"हो."

"बरं." एवढंच बोलून ते उठले आणि माझ्यासाठी सतरंजी आणली. एक वाकडा शब्द नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला परतीच्या वाटेवर त्यांच्याशी मनातल्या मनात भांडता तरी आलं असतं. त्या दिवसापासून मी एक ठरवलं, ते कुणाला सांगितलं नाही. जो पाठ मी पाहिला, त्याबद्दल जे दिसलं तेच लिहायचं. फोन कुणाचाही येवो.

त्यानंतर दोन वर्षांनी कमल सिस्टर आल्या.

कमल सोनवणे, गंगाखेडकडच्या. सव्वीस वर्षं बाळंतपणाच्या वॉर्डात काढलेली नर्स. गुडघे बोलायला लागले होते, म्हणून त्यांना नर्सिंगच्या मुलींना शिकवायला नेमायचं ठरलं होतं. पहिल्या दिवशी सराव पाठाला उभ्या राहिल्या तेव्हा हातात आठ पानांचं टाचण होतं, म्हणजे पाठाची लेखी तयारी. कुठल्या तरी पुस्तकातून उतरवलेलं. त्यांनी वाचायला सुरुवात केली. "प्रसूतिपश्चात रक्तस्राव ही एक गंभीर गुंतागुंत असून..." तिसऱ्या ओळीला आवाज बसला. पाचव्या ओळीला पान उलटं झालं. मागून एक कृषी सहायक फिसकन हसला. सिस्टरनी टाचण टेबलावर ठेवलं आणि सरळ बाहेर गेल्या.

मी गेलो तेव्हा व्हरांड्यातल्या नळाखाली तोंड धूत होत्या.

"मला वापस पाठवा सर. आमाला वॉर्डच बरा हाय. हितं माझी लय बेइज्जती व्हायलीय."

"पाठवतो. आधी एक सांगा. वॉर्डात तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?"

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. उत्तर द्यायला वेळ लागला नाही. "चादरीची."

"चादरीची?"

"बाळ झाल्यावर सगळे बाळाकडं बघत्यात सर. बाईखालची चादर कोन बी उचलून बघत न्हाई. रगत वाहायलंय, वाहायलंय. नवी पोरगी इचारलं तर म्हनती, थोडंसंच गेलंय सिस्टर. थोडंसं म्हंजी किती, हे तिला कळतच न्हाई. कळतंय तवर बाई थंड पडायलीय." त्या हातानं माप दाखवत होत्या. "पेलाभर अन तांब्याभर ह्येच्यातला फरक चादरीवर दिसत न्हाई. डोळा तयार व्हावा लागतो. माझा व्हायला दहा वर्षं लागली."

"मग हेच शिकवा."

"हे पुस्तकात न्हाई असं."

"म्हणूनच."

दुसऱ्या दिवशी त्या जुन्या चादरी, एक बादली, मोजपात्र आणि किराणा दुकानातून मागून आणलेला तराजू घेऊन आल्या. पाण्यात खायचा लाल रंग घातला होता आणि भाताची पेज. मी विचारलं, पेज कशाला? "नुसतं पानी लय पसरतंय सर. रगत असं पसरत न्हाई." बाळंतपणाच्या खोलीत मी आयुष्यात पाऊल ठेवलं नव्हतं, तरी त्या टेबलापासून मी माझी खुर्ची दोन हात मागं घेतली.

पाठ मात्र बिघडला. त्यांनी प्रश्न विचारला, "सांगा, किती गेलं आसंल?" आणि कुणी तोंड उघडायच्या आत स्वतःच सांगून टाकलं. पुन्हा विचारलं, पुन्हा सांगितलं. मी म्हणालो, "सिस्टर, प्रश्न विचारला की गप्प राहायचं. मनात दहापर्यंत आकडे मोजा."

"सर, वॉर्डात गप्प उभं राहिलं की बाई मरती."

सव्वीस वर्षं जिनं झटकन बोलून, झटकन हात घालून जीव वाचवले, तिला मी थांबायला सांगत होतो. चार दिवस आम्ही तिथंच अडकलो. मग मार्ग त्यांचा त्यांनीच काढला. प्रश्न विचारायचा आणि कोरड्या चादरीची घडी घालायला घ्यायची. हात कामाला लागले की तोंड आपोआप गप्प. घडी पूर्ण होईपर्यंत बोलायचं नाही. मी इतकी पुस्तकं वाचली, ही युक्ती मला कुठं सापडली नव्हती.

तीन आठवड्यांनी शेवटचा पाठ. त्याला समिती बसते. आमच्या विभागाचे वरिष्ठ साहेब, महाविद्यालयातले अध्यापनशास्त्राचे एक प्राध्यापक आणि विषयतज्ज्ञ म्हणून बाहेरगावच्या एक डॉक्टरबाई. पाठ खऱ्या विद्यार्थ्यांसमोर घ्यायचा असतो, म्हणून नर्सिंगच्या पहिल्या वर्षाच्या अठरा मुली आणल्या होत्या. समिती पुढच्या खुर्च्यांवर. मी फळ्याच्या बाजूला, खिडकीशी उभा.

सिस्टर आल्या. गुलाबी काठाची पांढरी साडी, बाह्या दुमडलेल्या. तीन टेबलांवर तीन भिजलेल्या चादरी अंथरलेल्या. मुलींना म्हणाल्या, "ह्या तीन बाया हायेत. तिघीबी आत्ता बाळंत झाल्यात. कोनाचं किती रगत गेलं, बघून सांगा."

मुली एकमेकींकडे बघायला लागल्या. सिस्टर घडी घालत राहिल्या. साहेबांनी घड्याळात पाहिलं. दुसरी घडी सुरू झाली तशी एक मुलगी उठली, चादरीजवळ गेली, मग दुसरी, मग सगळ्याच. आकडे यायला लागले. सिस्टरनी ते फळ्यावर लिहिले, चूक-बरोबर काहीच न म्हणता. तिसऱ्या चादरीला बहुतेकींनी अडीचशे-तीनशे मिली म्हटलं. मग सिस्टर समितीकडे वळल्या.

"मॅडम, तुमी बी सांगा की."

डॉक्टरबाई हसल्या. वाकून पाहिलं. "चारशे असेल."

"आता जोखा," सिस्टर मुलींना म्हणाल्या. कोरडी चादर आधी जोखून ठेवली होती. भिजलेलीचं वजन उणे कोरडीचं वजन, एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिली. तराजूचा काटा स्थिर झाला, एका मुलीनं वजाबाकी केली आणि फळ्यावर नऊशे लिहिलं. अर्धा लिटर ओलांडला की बाई धोक्यात, हे पुस्तकातलं वाक्य त्या मुलींना आधीच पाठ होतं. तरी एक मुलगी तराजूचा काटा पुन्हा बघून आली. डॉक्टरबाईंचं हसू गेलं होतं.

मग कोपऱ्यातली एक मुलगी हळू आवाजात म्हणाली, "आमच्या वैनीच्या वक्ताला सगळे म्हनले, लय न्हाई गेलं." आणि मनगटानं डोळे पुसायला लागली.

सिस्टर तिच्याजवळ गेल्या. उपदेश नाही, हळहळ नाही. खांद्यावर हात ठेवून तिला पहिल्या टेबलापाशी आणलं. "आता परत बघ. डोळे पूस अन नीट बघ. किती?"

ती मुलगी बघत राहिली. "पाचशेच्या वर," म्हणाली. जोखलं तर साडेपाचशे भरले.

मला त्या दिवशी वाटलं, आता निवृत्त झालो तरी चालेल.

समिती माझ्या खोलीत बसली. मूल्यमापन पत्रकात शंभर गुण असतात आणि पन्नासला उत्तीर्ण. पाठाची उद्दिष्टं फळ्यावर लिहिली का? नाही. स्लाइड वापरल्या का? नाही. भाषा शुद्ध होती का? प्राध्यापकांनी नापसंतीनं मान हलवली. त्यांनी सिस्टरना आत बोलावून समजावलंसुद्धा, "'रगत' नव्हे हो, 'रक्त'."

"दवाखान्यात येनारी बाई रगतच म्हनती सर," सिस्टर म्हणाल्या. "तिचं ह्या पोरीयला कळाया पायजे ना?"

साहेबांनी त्यांना बाहेर पाठवलं आणि तिघांच्या गुणांची सरासरी काढून एक्केचाळीस गुण लिहिले. नापास. डॉक्टरबाई सही करताना थोड्या थांबल्या, पण सही त्यांनी केली.

निकालपत्रकावर अभ्यासक्रमप्रमुख म्हणून शेवटची सही माझी लागायची. बावीस जणांची तुकडी. एकवीस पास, एक नापास. मी पेन खाली ठेवलं.

"साहेब, मी ह्याच्यावर सही करणार नाही."

"मुळे," साहेब मला म्हणाले, "नियमाप्रमाणे गुण दिलेत. तुमची सही म्हणजे एक औपचारिकता."

"औपचारिकता असेल तर तिच्याशिवाय चालेल की."

साहेब तापले. "एका बाईसाठी एकवीस लोकांचा निकाल अडवणार तुम्ही?"

आणि तो अडकला, खरंच. दुसऱ्या दिवशी तुकडीतले चौघं-पाचजण माझ्यासमोर आले. त्यात हसणारा तो कृषी सहायकही होता. "आमचं काय चुकलं सर? आमच्या नेमणुका लटकल्या." त्यांचंही खरं होतं. मी मान खाली घातली. मग कमल सिस्टर आल्या, एकट्याच. दारातच उभ्या राहिल्या.

"सही करा सर. माझ्यापायी लोकायच्या शिव्या खाऊ नका. म्या जाते वॉर्डात. तिथं मला कोन बी नापास करत न्हाई."

"सिस्टर, तुमच्यासाठी करत नाही मी हे," मी म्हणालो. खोटं नव्हतं. मला वालूरची ती ओसरी दिसत होती. तिथं ज्याला सोडू नये त्याला सोडून दिलं. आता जिला अडवू नये तिला अडवायला मीच पेन उचलणार होतो. पत्रक तेच, रकाने तेच. त्या पत्रकानं अभियंत्याला शहाऐंशी गुण दिले होते.

तिसऱ्या दिवशी मी सही केली. एकवीस नावांपुढं. बाविसाव्या नावापुढं लिहिलं, "हा निकाल मला मान्य नाही. पाठ मी स्वतः पाहिला आहे. शिकवणे उत्तम." खाली सही, तारीख.

आमचे लिपिक घाबरले. "सर, शासकीय कागदावर असं लिवता येत न्हाई."

"लिहिलं ना आता. येतंय की."

एकवीस जणांना त्यांचे कागद मिळाले. सिस्टर गंगाखेडला वॉर्डात परत गेल्या आणि आठवड्यानं मला कारणे दाखवा नोटीस आली. वरिष्ठांच्या निर्णयावर शासकीय दस्तऐवजात प्रतिकूल अभिप्राय का नोंदवला? सात दिवसांत खुलासा. माझ्या बायकोनं नोटीस वाचली. निवृत्तीला जेमतेम दोन वर्षं उरलेली. ती म्हणाली, "माफी मागणार नसाल तर निदान नीट लिहा. तुमचं अक्षर कुणाला लागत नाही." मग तिनंच माझा खुलासा सुवाच्य अक्षरात उतरवून दिला. त्यात एवढंच होतं: "समितीचे सदस्य पुढे बसून शिकवणाऱ्या बाईंकडे पाहत होते. मी बाजूला उभा राहून शिकणाऱ्या मुलींकडे पाहत होतो. त्यामुळे आम्हाला वेगवेगळं दिसलं. पुन्हा पाहायचं असल्यास मुली तिथेच आहेत."

साहेबांना तो उद्धटपणा वाटला. होताच थोडासा. माझ्याकडून अभ्यासक्रम काढून घेतला आणि मला भांडारात बसवलं. खुर्च्या, टेबलं, फळे, नादुरुस्त पंखे यांची नोंद ठेवायची. प्रशिक्षणाचं काम पाच दिवसांच्या चित्रफितींवर आलं. घरी बसून मोबाईलवर बघायचं, शेवटी दहा प्रश्न, टिचकी मारली की प्रमाणपत्र. चौथी गोष्ट, हात मागं बांधून उभं राहण्याची, मोबाईलवर कशी शिकवतात ते मी एकदा साहेबांना विचारलं.

माझ्या खुलाशाची प्रत समितीच्या तिघांनाही गेली होती, पण त्यातल्या शेवटच्या वाक्याकडे एकाच माणसाचं लक्ष गेलं. एके दुपारी मी भांडारात मोडक्या खुर्च्यांवर नंबर घालत होतो. डॉक्टरबाईंचा फोन आला.

"मुळे सर, मी त्या दिवशी चारशे म्हणाले होते."

"हो."

"मला झोप नाही लागली. पंधरा वर्षं मी हे काम करतेय. त्या मुली खरंच शिकल्या का, ते बघायचंय मला."

त्या स्वतःहून नर्सिंगच्या शाळेत गेल्या. पाठाला तीन महिने होऊन गेले होते. प्राचार्यांची परवानगी काढून त्यांनी तशाच चादरी अंथरल्या, मापं वेगळी घेतली आणि त्याच अठरा मुलींना एकेकटीला आत बोलावलं. चौदा जणींचा अंदाज जवळपास बरोबर आला. शेजारच्या वर्गातल्या, सिस्टरचा पाठ न पाहिलेल्या मुलींनाही त्यांनी बोलावलं. त्यातल्या दोघी-तिघीच जवळ पोचल्या. डॉक्टरबाईंनी हे सगळं चार ओळींत लिहिलं, वर आपली चूक कबूल केली, स्वतःचे गुण बदलत असल्याचं कळवलं आणि कागद साहेबांना वगळून थेट वर पाठवला.

मी लढलो असं लोक म्हणतात. माझं काय जाणार होतं? फार तर खुर्ची. त्या बाईनं मोठ्या नावाची असून "मला दिसलं नाही" असं लिहून दिलं. त्याला जास्त छाती लागते.

फेरमूल्यांकनाचा आदेश यायला आठ महिने लागले. मी तेव्हाही भांडारातच होतो आणि तिथूनच निवृत्त झालो. माझा अभ्यासक्रम मला परत मिळाला नाही. वालूरच्या मुलाची बोटंही वळली नाहीत. तो आता सेलूत मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवतो, डाव्या हातानं स्क्रू ड्रायव्हर धरतो. मी गेलो की ओळखतो, बसा म्हणतो. त्यापलीकडं आमच्यात बोलणं होत नाही.

कमल सिस्टर मात्र फेरमूल्यांकनात पास होऊन शिकवायला लागल्या. पहिल्याच दिवशी मुली मॅडम म्हणाल्या तर त्यांना दटावलं, "सिस्टर म्हना." पुढं त्यांच्या वर्गाची बातमी पसरली, दुसऱ्या तालुक्यातल्या शिकवणाऱ्या नर्सा बघायला यायला लागल्या आणि गेल्या साली त्यांनाच नव्या शिक्षिकांच्या पाठाला परीक्षक म्हणून बसवलं. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज उतरलेला.

"सर, माझी मैतरीन होती समोर. वॉर्डात संगं काम केलेली, बारा वर्षं. हात सोन्याचा हाय तिचा. पन शिकवता येईना. पुस्तक वाचू लागली नुसती. अन मदी मदी, समजलं का, समजलं का."

"मग?"

"म्या पास न्हाई केलं. बाहेर आली अन माझ्याशी बोललीच न्हाई. बघितलं बी न्हाई माझ्याकडं. बराबर केलं का सर मी?"

मला त्यांना बरोबर म्हणायचं होतं, पण ते तेवढ्यावर संपत नव्हतं. नापास करायला काय लागतं? साहेबांनीही केलंच होतं.

"सिस्टर, आता तिचं काय होणार?"

"काय व्हायचंय?" त्या एकदम तडकल्या. आवाज पुन्हा वॉर्डातला झाला. "उद्या सकाळी तिच्या घरी जायलीय. चादरी बी घेतल्यात संगं. बोलू नको तर नको बोलू म्हनावं, पन उभी राहा. पंधरा दिवस लागू दे, महिना लागू दे. म्या सोडते व्हय तिला!"